मात्सुएतल्या अनोळखी मदतनिसांचे आभार

डिसेंबर २०२३. संगणक आणि शिक्षण या विषयावरच्या आयसीसीई परिषदेसाठी जपानमधल्या मात्सुएला निघालो होतो. ओकायामाला शिंकानसेनमधून (बुलेट ट्रेन) उतरून मात्सुएची याकुमो गाडी पकडायच्या गडबडीत परिषदेत लावायच्या पोस्टरची नळी वरच्या फळीवरच राहिली. ती गेली शिंकानसेनबरोबर हाकाताकडे, मी मात्सुएकडे.

ओकायामा स्टेशनातल्या काकांना इंग्रजी येईना, मला जपानी. मी कागदावर नळी काढून दाखवली. त्यांनी दोन-तीन फोन केले, आणि वर माझी गाडी चुकू नये म्हणून फलाटापर्यंत धावत आले. काका, मनापासून आभार!

रात्री परिषदेतली एक स्वयंसेवक मुलगी मला पोस्टर पुन्हा छापायला चोवीस तास उघड्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या यंत्रावर ए-झिरो, म्हणजे पोस्टरचा मोठा कागद, कुठला निघायला? पण आठ ए-थ्री जोडले की एक ए-झिरो होतो, हे तिला सुचलं. (आम्ही म्हणे शैक्षणिक तंत्रज्ञानवाले!) गल्ल्यावरच्या मुलाने स्वतःजवळची चिकटपट्टी दिली, पैसे घेतलेच नाहीत.

सकाळी परिषदेच्या जागी, कुनिबिकी मेस्सेमध्ये, पोस्टर लागलं. जोड नेमका मुख्य आलेखावर आला होता आणि पहिला प्रश्नही तिथेच बोट ठेवून आला.

तुम्हा तिघांची नावं विचारायची राहून गेली. नळी अजून हाकातालाच असावी.