जिम ब्रीन सरांना, पुण्याहून

आदरणीय ब्रीन सर,

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ, पण तुमचं नाव ठाऊक असलेले फार थोडे. जिशो हा ऑनलाइन कोश आणि योमितान हे ब्राउझरमधलं शब्दार्थ दाखवणारं साधन, ही नावं मात्र रोज तोंडात असतात. त्यांच्यामागे तुमचा जपानी-इंग्रजी शब्दकोश आहे, हे इथल्यांनाही कळावं म्हणून हे पत्र मराठीत लिहितेय.

मराठी माणसाला जपानी व्याकरण तसं परकं वाटत नाही. क्रियापद शेवटी येतं, नामाला मागून प्रत्यय लागतात. घोडं अडतं ते वाचताना. नेहमीच्या वापरातल्या कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चित्राक्षरं, त्याच २,१३६! त्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे अनोळखी शब्द कुठे संपला तेच कळत नाही. आणि ज्या अक्षराचा उच्चारच येत नाही, ते कोशात शोधायचं कसं? छापील कोशात आधी रॅडिकल, म्हणजे अक्षराचा मुख्य घटक, ओळखा, मग रेघा मोजा, मग पानं उलटा. एका परिच्छेदात संध्याकाळ सरायची.

परवा एका जुन्या पुस्तकात एक कांजी अडली. डावीकडे पाण्याचे तीन फटकारे, मध्ये ‘दहा’ आणि त्याखाली ‘तोंड’, उजवीकडे ‘चंद्र’. जिशोवर ओळखीचे तेवढे तुकडे निवडत गेले, तशी यादी आखडत गेली आणि अक्षर सापडलं: मिझुउमी, सरोवर. आओझोरा बुन्को या जपानी ई-ग्रंथालयातली गोष्ट पडद्यावर वाचताना तर एवढंही करावं लागत नाही. ‘ताबेसासेरारेता’वर माउस नेला की योमितानमध्ये फोड समोर येते: मूळ ‘ताबेरु’, म्हणजे खाणे, त्याचं प्रयोजक, त्याचं कर्मणी, वर भूतकाळ. कुणालातरी बळेच खायला लावलं होतं! वाचनाची लय न तुटता मी पुढच्या ओळीवर गेलेली असते. हे सुख तुमच्यामुळे मिळालं.

तुम्ही मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात संगणकाच्या क्षेत्रातले प्राध्यापक होतात. १९९१ मध्ये तुम्ही ‘एडिक्ट’ ही शब्दांची फाइल सुरू केलीत आणि ती सगळ्यांना वापरू दिलीत. म्हणून तर कुणी त्यावर ॲप बांधलं, कुणी ब्राउझरचं साधन. आज त्या कोशात २ लाखांहून अधिक नोंदी आहेत. कुणीही दुरुस्ती सुचवावी आणि संपादकांनी ती तपासून घ्यावी, हे अजून चालू आहे. फुकटच्या गोष्टी इंटरनेटवर ढिगाने मिळतात. तीस वर्षांहून जास्त काळ इतक्या निगुतीने जपलेल्या विरळाच. माझे आभार सगळ्यात जास्त या निगुतीसाठी आहेत.

कोशातल्या शब्दांना जर्मन, फ्रेंच, रशियन अर्थही जोडलेले दिसतात. आम्ही काही मैत्रिणींनी मराठी अर्थ लिहायला घेतलेत, सुरुवात स्वयंपाकघरातल्या शब्दांपासून. हे कामही तुमच्यासारखंच सगळ्यांसाठी खुलं राहील.

मनापासून आभार, सर.

आपली,
पुण्यातली एक वाचक