आई, तुझी भूल आणि माझं म्हणणं

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की आई "कुकर लावलाय" म्हणते आणि ठेवून देते, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही तिला वाचून दाखवा, चष्मा सापडत नाही हे कारण नको.

आई, तुझं म्हणणं कळतं गं मला. दादाच्या वेळी सिझरला कमरेत इंजेक्शन दिलं, तू जागी होतीस, त्याचं रडणं ऐकलंस, मग आता पित्ताशयाच्या खड्यांसाठी पूर्ण बेशुद्ध कशाला. मी भूल देणाऱ्या मॅडमना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, कमरेतून देऊनही हे ऑपरेशन करता येतं, फुफ्फुसं फार खराब असली तर त्याचा विचार होतोच, आणि उलट्यांचा त्रासही कमी असतो. पण दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, त्याने पोट-छातीमधला पडदा दुखावतो आणि त्या पडद्याची नस येते थेट मानेतून! म्हणजे पोट बधिर आणि खांदा ठणकतोय, तोही तुझा उजवा, जो ट्रेनमधे कडी धरली तरी भरून येतो. असह्य झालं तर मधेच पूर्ण भूल द्यावी लागते. शिवाय टेबल डोक्याकडून वर करतात, कमरेच्या इंजेक्शनने आधीच बीपी उतरतं त्यात ही भर. पूर्ण भुलीत श्वासाची नळी मशीनला जोडलेली असते, रक्तात शिरलेला गॅस मशीन बाहेर काढत राहतं. नंतर एकदोन दिवस घसा खवखवेल, तेवढं चालेल ना?

शेजारच्या काकू म्हणतात त्या इंजेक्शनने जन्माची कंबर जाते. मला तर वाटतं त्यांची कंबर चाळीच्या नळावरच्या हंड्यांनी गेली, पण ते असो.

बाबा, तुम्ही बसने रोज ज्या जेजे हॉस्पिटलवरून जायचात ना, तिथे 1990 साली डॉ. तेहमटन उदवाडियांनी भारतातलं पहिलं असं ऑपरेशन केलं. म्हणजे हे काही कालपरवा निघालेलं फॅड नाही.

आता आई, रागावू नकोस. मॅडमना मशेरीचं खरं सांग. डब्यात लवंगांच्या खाली ठेवतेस ते मला माहितीये. आणि खालचा दात हलतोय तेही सांग, नळी घालताना तो पडला तर श्वासात जाईल. बीपीची गोळी सकाळी घ्यायची की नाही ते त्यांनाच विचार, काकूंना नको.

मंगळवारी रात्री जेवण लवकर उरक. बुधवारी सकाळी चहा नाही, आणि "नुसतं दूधच तर आहे" पण नाही, दूध जेवणातच धरतात. मी पहिल्या लोकलने येते.

पाटल्या आजच साबण लावून काढ बघू. दीदीच्या लग्नात अडकल्या तेव्हा बाबांनी खोबरेल, पीठ, सगळं लावून पाहिलं होतं आणि शेवटी सोनाराकडेच जावं लागलं होतं.

तुमची,
मनू