अंतर्वस्त्रांच्या इतिहासातून गाळलेली माणसे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला पुरुषांच्या अंतर्वस्त्रांवरचा लेख आवडीने वाचला. १९३५ च्या जानेवारीत, ऐन हिमवादळात शिकागोच्या 'मार्शल फील्ड' या मोठ्या दुकानात विकायला आलेली पहिली जॉकी ब्रीफ आणि १९८२ ची कॅल्विन क्लाइनची जाहिरात, दोन्ही लेखकाने छान रंगवल्या आहेत. पण मधली सत्तेचाळीस वर्षे एका वाक्यात उरकली आहेत, आणि अख्ख्या लेखात समलिंगी पुरुषांचा साधा उल्लेखही नाही. हे मनाला फार लागले, म्हणून लिहितो आहे.

आतला कपडा अंगाला सोयीचा असावा, हे जॉकीने दाखवले. तो घातलेला पुरुष बघण्याजोगा असतो, हे मात्र समलिंगी पुरुषांनी दाखवले आणि त्यासाठी तुरुंगही भोगला. लॉस एंजेलिसच्या बॉब मायझर यांनी १९४५ मध्ये 'अ‍ॅथलेटिक मॉडेल गिल्ड' हा स्टुडिओ काढला आणि १९५१ पासून 'फिजिक पिक्टोरियल' हे छोटेखानी मासिक. वरून ते व्यायामाचे. पूर्ण नग्न छायाचित्र टपालाने पाठवले की खटला ठरलेला, म्हणून मॉडेलच्या कमरेला फक्त एक नाडी आणि पुढे लहानसा त्रिकोणी कापडाचा तुकडा, आपल्या लंगोटाहूनही आखूड. हे 'पोझिंग स्ट्रॅप' मायझर यांची आई घरी शिवून द्यायची. आडगावात राहणाऱ्या, आपल्यासारखा जगात दुसरा कोणी नाही असे समजणाऱ्या पुरुषाच्या हाती टपालाने हे मासिक पडे, तेव्हा त्याला काय वाटत असेल, याची मला पुरेपूर कल्पना आहे.

असली चित्रे घरात सापडणेही महागात पडे. न्यूटन अर्विन हे अमेरिकेतले नामवंत समीक्षक, 'नॅशनल बुक अवॉर्ड'चे मानकरी. १९६० मध्ये पोलिसांनी त्यांच्या घरातून अर्धनग्न पुरुषांची चित्रे जप्त केली आणि त्यांना अटक झाली. ज्या स्मिथ कॉलेजात त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ शिकवले, तिथले त्यांचे अध्यापन कायमचे थांबले. त्याच वर्षी हर्मन लिन वोमॅक या प्रकाशकाची अशीच मासिके टपाल खात्याने अडवली. वोमॅक स्वतः समलिंगी होते. ते गप्प बसले नाहीत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९६२ मध्ये ही मासिके अश्लील नाहीत असा निकाल मिळवला. अर्विन पुढच्याच वर्षी वारले.

लंडनची गोष्ट तर थेट फॅशनची आहे. बिल ग्रीन हे शरीरसौष्ठवाची छायाचित्रे काढायचे. मॉडेलसाठी मनासारखी तोकडी चड्डी बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी बायकांचे लवचिक कमरपट्टे कापून ती स्वतःच तयार केली. मागणी वाढली आणि १९५४ मध्ये सोहो भागात 'व्हिन्स' हे दुकान उभे राहिले. नाव व्हायच्या आधी अभिनेते शॉन कॉनरी यांनी या दुकानासाठी मॉडेलिंग केले होते. इथेच काम केलेल्या जॉन स्टीफन यांनी पुढे कार्नाबी स्ट्रीटवर एकामागून एक दुकाने काढली, आणि साठच्या दशकातल्या तरुणांचा पेहराव पार बदलून टाकला. तेही समलिंगी होते. इंग्लंडात तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा होता. १९६७ पर्यंत तो तसाच राहिला.

आता ती १९८२ ची जाहिरात पुन्हा बघा. सँटोरिनी या ग्रीक बेटावरची पांढरी भिंत, पांढरी ब्रीफ, डोळे मिटून उन्हात रेललेला टॉम हिंटनाउस हा पोल व्हॉल्टपटू, आणि खालून वर बघणारा ब्रूस वेबर यांचा कॅमेरा. ही नजर, ही ठेवण मायझर-वोमॅक यांच्या तसल्या 'फिजिक' म्हणजे शरीरसौष्ठवाच्या मासिकांतून आली आहे, असे माझे ठाम मत आहे. न्यूयॉर्कमध्ये लोकांनी बसथांब्यांच्या काचा फोडून ही पोस्टर पळवली. त्याच वर्षी त्याच शहरात समलिंगी तरुण एड्सने मरत होते, आणि त्यांच्या शेजारी बसायलाही लोक घाबरत होते. नजर त्यांची स्वीकारली, माणसे नाकारली. लेखात हे यायलाच हवे होते.

मी स्वतः समलिंगी आहे. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावात होजिअरीच्या दुकानाच्या काउंटरवर बनियन-चड्डीची पुठ्ठ्याची खोकी रचलेली असत. त्यांवरचे पुरुषांचे फोटो मी चोरून बघायचो, आणि कोणी आले की हातरुमालांचा भाव विचारायचो. त्या वयात मायझर किंवा ग्रीन यांच्याविषयी चार ओळी मराठी वर्तमानपत्रात वाचायला मिळाल्या असत्या, तर मला केवढा आधार वाटला असता! आजही अशी मुले आपली पुरवणी वाचत असणार.

लेखाच्या शेवटी 'क्रमशः' आहे. पुढच्या भागात मायझर, वोमॅक, ग्रीन आणि स्टीफन यांना जागा द्यावी, ही कळकळीची विनंती. चित्रे छापायची अडचण असेल तर नुसती माहिती छापा. पण ही माणसे समलिंगी होती, हे स्पष्ट लिहा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे