आई-बाबांना, अमेरिकेतल्या व्हरमाँटहून

18 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. बाहेर उणे 18 आहे, पण घर उबदार आहे आणि आईने दिलेली कानटोपी मी खरंच घालते. जेवणाझोपेचं फोनवर झालंय, परत लिहीत नाही. रविवारी बाबांवर चिडले, त्याचं रात्रभर वाईट वाटत राहिलं, म्हणून हे पत्र.

बाबा, तुम्ही विचारलंत, "एक नशा सोडवायला दुसरी द्यायची, यासाठी एवढी शिकलीस?" आणि मागून आई म्हणाली, असली माणसं येतात तेव्हा तू एकटी असतेस का. आई, मी कधीच एकटी नसते. आणि "असली माणसं" कोण, तेही ऐक. मंगळवारी आलेला सुतार बाबांच्या वयाचा आहे. पाठ दुखते म्हणून पूर्वी एका डॉक्टरनेच त्याला ऑक्सिकोडोनच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. पुढे गोळ्या बंद झाल्या, शरीराची मागणी थांबली नाही. मग हेरॉइन. आता तर मिळतं ते बहुतेक फेंटानिल, मॉर्फिनच्या सुमारे 100 पट तीव्र.

आम्ही देतो ते ब्युप्रेनॉर्फिन. मेंदूत हेरॉइन जिथे जाऊन बसतं, तिथेच हे बसतं, पण काम अर्धवटच करतं. मात्रा वाढवली तरी एका हद्दीपुढे परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याची भीती खूप कमी. बसतं मात्र इतकं घट्ट, की आधीचं द्रव्य ढकलून देतं. म्हणून पहिली गोळी घाईने देता येत नाही, नाहीतर माणूस तडफडतो. सुतार त्रास सुरू झाल्यावरच आला होता. जांभयांवर जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा, पाय एका जागी ठरत नव्हते. 4 मिलिग्रॅम जिभेखाली ठेवायला दिलं. गिळायचं नाही, बोलायचं नाही. मी शेजारी बसून राहिले. तासाभराने पाय शांत झाले आणि त्याने विचारलं, काही खायला मिळेल का. बाबा, याला नशा कसं म्हणू?

गेल्या वर्षी "आता प्रेशर नॉर्मल आहे" म्हणत तुम्ही गोळी सोडलीत, पुढे काय झालं आठवतं ना? इथे औषध सोडलं तर जिवावरच बेततं. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, माणूस पुन्हा जुन्याच मात्रेकडे वळतो आणि झोपेतच जातो. औषध चालू असेल तर मृत्यूचा धोका जवळपास निम्मा होतो. तरीही 2022 संपेपर्यंत ते लिहायला डॉक्टरला वेगळी परवानगी लागायची, किती रुग्णांना द्यायचं त्यालाही मर्यादा होती. ज्या गोळ्यांनी सवय लावली, त्या लिहायला असली अट नव्हती! याचा मला अजून राग येतो. आता तो कायदा गेला. तापखोकला पाहणारा साधा फॅमिली डॉक्टरही हे औषध देऊ शकतो. या व्यसनावरचं दुसरं औषध, मेथाडोन, मात्र अजून खास केंद्रांतूनच मिळतं. इथली व्यवस्था बैलगाडीच्या चाकासारखी आहे: ती केंद्रं म्हणजे मधला तुंबा, आमच्यासारखे दवाखाने म्हणजे आरे. अवघड रुग्ण तुंब्याकडे जातो, स्थिरावला की आऱ्याकडे येतो. 2014 साली इथले गव्हर्नर पीटर शुमलिन यांनी राज्याच्या स्थितीवरचं अख्खं वार्षिक भाषण या एका विषयावर केलं होतं.

आई, एका गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. इथे साध्यासुध्या बायकासुद्धा पर्समध्ये नालोक्सोनचा, म्हणजे या द्रव्यांवरच्या उताऱ्याचा, नाकात मारायचा स्प्रे ठेवतात. 2023 पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. कोणी निपचित दिसलं, ओठ निळे पडले, हाक मारून उठत नसलं, तर 911 या इथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन करायचा, एका नाकपुडीत स्प्रे मारायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं, श्वास आला नाही तर दुसरा मारायचा. श्वास येताच कुशीवर वळवायचं. त्या माणसाने काही घेतलेलंच नसेल तरी अपाय होत नाही. पण स्प्रेचा असर लवकर ओसरतो, म्हणून दवाखान्यात न्यायचंच. ओळख ना देख, तरी लोक रस्त्यात गुडघे टेकून हे करतात. माझ्याही पर्समध्ये एक आहे. घाबरू नकोस, अजून उघडावा लागलेला नाही.

कर्जाचा फेब्रुवारीचा हप्ता पाठवला आहे. ऑगस्टपासून पगार वाढेल, बाबांनी शिकवण्या बंद कराव्यात. ताईच्या लग्नासाठी दहा दिवसांची रजा मिळाली आहे, हळदीला नक्की पोहोचते.

पुण्याच्या मंडळींना मात्र माझ्यासाठी थांबवून ठेवू नका. दिवाळीतच सांगायचं होतं, पण तुमचे आवाज इतके आनंदी होते की जमलं नाही. माझ्या व्हिशाच्या अटीनुसार शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात यायला हवं होतं. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर ती अट माफ होते. मी याच दवाखान्याच्या करारावर सही केली आहे. तुम्हाला न विचारता. सुतारासारखे बरेच जण आता माझ्याकडेच येतात, त्यांना मध्येच सोडवेना.

बाबा, मोतीबिंदूच्या पहिल्या डोळ्याच्या वेळी मी नव्हते. दुसऱ्याची तारीख लग्नानंतर लगेचची घ्या, म्हणजे सुरुवातीचे थेंब मी घालीन.

तुमची,
धाकटी