माझ्या कागदाला पेन्सिल न लावणाऱ्या सरांना

सर, सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर "बरं बरं, चहा घ्या" म्हणून तुम्ही विषय बदलला असतात. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते.

शाळेत असताना एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीसाठी एका क्लासला जायचे. तिथले सर पाठीमागून यायचे, पेन्सिल हातातून काढून घ्यायचे आणि माझ्याच चित्रावर गडद रेघा ओढून पुढे जायचे. घागर त्यांची, खाली नाव माझं! "हिला हातच नाही" हे आईला सांगताना आवाजही खाली आणला नाही त्यांनी. पुढे घरची रांगोळीसुद्धा मी जावेवर ढकलत आले.

मग इतक्या वर्षांनी साताऱ्यात राजवाड्यामागच्या तुमच्या खोलीत शिकायला येऊन पहिला लंबगोल काढला, तो बटाट्यासारखा. तुम्ही खुर्ची ओढलीत, शेजारी स्वतःचा कोरा कागद ठेवलात आणि काय चुकलं ते त्याच्यावर दाखवलंत. माझ्या कागदाला तुमची पेन्सिल आजतागायत लागलेली नाही. माझे डोळे भरून आले, तेव्हा पाणी आणायच्या निमित्ताने उठलात, तेही कळलं मला.

मग तोच पाण्याचा तांब्या. नजरेच्या पातळीत धरलात, तर काठ म्हणजे नुसती आडवी रेघ. खाली नेलात तसा उघडत गेला. "बुडाचा गोल काठापेक्षा जास्त उघडणार ताई, तो नजरेच्या आणखी खाली आहे." क्लासमध्ये बुडाला सरळ रेघ मारायला लावायचे, का, ते विचारायची सोय नव्हती.

रेघेचंही तसंच. हात मनगटातून नाही, खांद्यातून हलवा. दोन ठिपके द्या, पेन्सिल न टेकवता हात फिरवून बघा, मग बिनधास्त ओढा. वाकडी आली तर येऊ दे, गिरवायची नाही. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभं केलेलं तिथलं भवानी संग्रहालय मी सहलीत पळत पळत पाहिलं होतं. तिथे जाऊन नुसते भांड्यांचे काठ बघून या, असं सांगणारे तुम्हीच.

आपल्याला किती येतं हे दाखवायची हौस कुणाला नसते? हात आवरून बसणारी माणसं थोडी. त्यातलं एक आपल्या साताऱ्यात मला भेटलं.

सध्या खोकी चालू आहेत. मागे जाणाऱ्या कडा एकमेकींकडे झुकायला हव्यात, माझ्या अजून फाकतात. रविवारी गठ्ठा घेऊन येते. फीचं पाकीट या वेळी परत केलंत, तर सरळ काकूंच्या हातात देईन.

तुमची,
रविवारची विद्यार्थिनी