टवाळीमागची जखम

‘आजच्या तरुणांची कशावरच श्रद्धा नाही’ अशी तक्रार करणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. आमच्याकडे पानठेल्यावर सगळ्यांची टिंगल करणाऱ्या पोरांनी बापाला बँकेच्या रांगेत ताटकळताना पाहिले आहे. काहींनी तर बापच गमावला. २००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या झाल्या, तरी पेरणीला सावकाराचे दार सुटले नाही. त्यांना श्रद्धेवर व्याख्यान कशाला? गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत, कीर्तन रात्री. हा क्रम आम्हा वडीलधाऱ्यांनीच उलटा केला (खराटा तर विसरलोच). रात्री कुणाला साप चावला, तर मोटारसायकल काढतो तो ठेल्यावरचाच पोरगा. लेखकाने एकदा त्याच्यामागे बसून तालुक्याचा दवाखाना गाठावा.

– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ