शंभराच्या आतल्या पाड्यांनी काय करायचे?

महोदय,

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा 2024 मध्ये मंजूर झाला. रस्त्यासाठी सपाट भागात 500, आदिवासी भागात 250 आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत 100 लोकवस्तीची अट आहे. आधार मात्र 2011 च्या जनगणनेचा. नव्वद माणसांच्या पाड्यातल्या बाळंतिणीला रस्ता नको का?

गडचिरोलीत गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर स्वातंत्र्यानंतर प्रथमच एसटी धावली ती 1 जानेवारी 2025 रोजी. फार आनंद झाला. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात वाचावे लागते. तालुक्याच्या गावाची ही गत, तर आतल्या टोल्या-वस्त्यांचे काय होत असेल! महिलांना निम्मे तिकीट, पंचाहत्तरी गाठलेल्यांना मोफत प्रवास, बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास या सवलती चांगल्याच आहेत. गाडीच पोचत नाही तिथे त्या कोणी वापरायच्या?

निव्वळ डोकी मोजू नका. आरोग्य केंद्र किती लांब आहे, पावसाळ्यात वाट किती दिवस बंद राहते, हेही निकषात धरा. निदान ओढ्यांवरचे लहान पूल तरी लोकसंख्येच्या अटीतून वगळावेत, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, अहेरी